विषयांतर

आधी सनावळी मांडतो. १८३२ – बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. १८४८ – 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादींची शतपत्रं सुरू. १८७४ – विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. मराठी निबंधाचा इतिहास आम्हाला वर्गात शिकवला तो या तीन खुंट्यांना टांगून. दुसऱ्या अन् तिसऱ्या खुंटीच्या मध्ये सव्वीस वर्षं. त्या सव्वीस वर्षांत १८५५ येतं, अन् १८५५ मध्ये मुक्ता येते. आमच्या वर्गात मात्र ती आली नाही.

मी मुकुंदवाडीचा. १९७२च्या दुष्काळात वडील जालन्याकडून बिऱ्हाड घेऊन आले, ते इथलेच झाले. मुकुंदवाडी तेव्हा गावच होतं. एका अंगाला चिकलठाण्याचे कारखाने, दुसऱ्या अंगाला सिडकोची घरं उठायला लागलेली. आई त्या घरांच्या पायावर माल वाहायची. मी सायकल हाणत शहरात जायचो अन् मराठी वाङ्मय शिकायचो. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ला झाला, मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळेंना मारलं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही. तशी कॉलेजं पुष्कळ होती, अन् सर काही दुष्ट नव्हते. चांगलं शिकवायचे, हेच तर दुखतं.

अन् हे सगळं कुठल्या गावात? बाबासाहेबांनी १९५० साली जिथं मिलिंद उभं केलं त्या गावात. जिथून गंगाधर पानतावणे सर 'अस्मितादर्श' काढत होते त्या गावात. नागसेनवनातल्या वसतिगृहात एका दोस्ताच्या वहीत मला मुक्ता सापडली. त्यानं कुठून तरी तिचा निबंध हातानं उतरवून आणला होता. खाटेवर बसून एका दमात वाचला. मग पुन्हा वाचला.

मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. वय चौदा. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'नं १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत छापला. ती विचारते, वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा ग्रंथ कोणता? ग्रंथ नाही म्हणजे धर्म नाही, मग आम्ही कुठल्या धर्माची माणसं? पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीवर त्याचा चेंडू करत, हे ती लिहिते. आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, डोक्यावर छप्पर नाही, हे लिहिते. अन् मोठमोठ्या इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून आमची माणसं पुरली, हेही लिहिते.

तिथं मी थांबलो. कारण चोखोबा आठवला. तो होता आमच्या अभ्यासक्रमात, हात जोडून. तो १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस बांधताना भिंत पडून मेला, हे सरांनी एका वाक्यात उरकलं अन् भक्तीकडे वळले. ज्या कुसाच्या आत राहायची त्याला बंदी, तेच कूस त्याच्या अंगावर पडलं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास अन् चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, तो काय उगाच? चोखोबाची भिंत अन् मुक्ताचा पाया. मधे पाचशे वर्षं, पण गवंडी तेच.

ट्युटोरियलला विषय आला, 'मराठी निबंधाचा उगम व विकास'. मी मुक्तावर दीड पान लिहिलं. ती पहिली, असा दावा केला नव्हता. पहिलेपणाची शर्यत त्यांना लखलाभ. एवढंच म्हटलं की निबंधमालेच्या एकोणीस वर्षं आधी एक चौदा वर्षांची मुलगी युक्तिवाद मांडते, पुरावा देते, सवाल करते. याला निबंध नाही तर काय म्हणायचं? वही परत आली. दीड पानावर तांबड्या शाईची आडवी रेघ अन् एकच शब्द : विषयांतर. मी विचारायला गेलो. सर म्हणाले, "अरे, ते मिशनऱ्यांच्या पत्रातलं. ते समाजकार्य झालं, वाङ्मय नव्हे." जोतीरावांच्या भाषेची टवाळी करणारे चिपळूणकर ते वाङ्मय, अन् जोतीरावांच्या शाळेतली पोर ते समाजकार्य! कोणी काय लिहिलं यापेक्षा कोणाला कुठं मोजायचं, यावर वाङ्मयाचा इतिहास ठरतो, हे मला त्या रेघेनं शिकवलं.

त्या रात्री चिमणीच्या उजेडात आईला निबंध वाचून दाखवला. पुरलेल्या माणसांपाशी आल्यावर ती म्हणाली, "कामून रं, आता बी पाया भरताना ठेकेदार शेंदूर लावतोच की. नारळ फोडतो. आमाला बाजूला उभं करतो, अन् मंग म्हणतो, चला, उचला घमेली." जरा थांबून म्हणाली, "त्या पोरीचं पुढं काय झालं?"

मला सांगता आलं नाही.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. मी जांभेकर लिहिले, लोकहितवादी लिहिले, चिपळूणकर अडीच पानं लिहिले. मुक्ता लिहिली नाही. पास व्हायचं होतं, घरात पगार यायला हवा होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. तोवर मी नोकरीत मुरलो होतो.

चांगले मार्क पडले त्या पेपरात. आईनं गुळाचा खडा हातावर ठेवला. ती ट्युटोरियलची वही अजून पेटीत आहे.