कुर्ल्याच्या घराण्यांच्या नोंदी कोठें शोधाव्या?



ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या देवळाचा इतिहास लिहावा, अशी पुष्कळांची सूचना होती. देवळाचा इतिहास म्हणजे ज्या घराण्यांनीं त्यांत पिढ्यानुपिढ्या बाप्तिस्मा घेतला, लग्नें लावलीं व आपल्या मृतांसाठीं प्रार्थना केली, त्यांचाच इतिहास होय. म्हणून त्या घराण्यांच्या नोंदी कोठें व कशा शोधाव्या, हा विषय मीं घेतला आहे. तो घेण्यास आणखी एक कारण घडलें, आणि तें माझ्या हातून झालेल्या चुकीचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं गांवठाणांतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आले. राहतें घर आजोबांच्या नांवावर होतें, व आपण त्यांचे वारस आहों हें त्यांस कागदोपत्रीं दाखवावयाचें होतें. मीं वहीची सूची आडनांवानें चाळली, आणि ‘नोंद नाहीं’ असें सांगून त्यांस परत पाठविलें. ते कांहीं बोलले नाहींत. हळूहळू पायऱ्या उतरून गेले. पुढें दुसऱ्याच कामासाठीं तीच वही उघडली असतां आजोबांची नोंद माझ्या दृष्टीस पडली. जुन्या वह्यांच्या सूची पुष्कळदां आडनांवानें नव्हे, तर बाप्तिस्म्याच्या नांवानें लाविलेल्या असतात. हें ठाऊक असून घाईंत मीं विसरलों होतों. दाखला घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों, तों ते मुलाकडे वसईस राहावयास गेले होते व तेथेंच वारले होते, असें कळलें. दाखला मीं मुलाच्या हातीं दिला. तेव्हांपासून ‘नोंद नाहीं’ हे शब्द मी सहसा उच्चारीत नाहीं. पुष्कळदां नोंद असते; आपला शोधच भलत्या जागीं चाललेला असतो.

शोध भलत्या जागीं कां जातो, हें प्रथम पाहूं. कुर्ला गांव होतें तेथेंच आहे. परंतु त्यावरील अंमल अनेकदां बदलले, आणि प्रत्येक अमलाचे कागद निरनिराळ्या दप्तरांत जाऊन पडले. १५३४ सालच्या वसईच्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ सालीं ती मराठ्यांनीं घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें व साष्टी काबीज केली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम राहिली. पुढें कुर्ला ठाणें जिल्ह्यांत मोडूं लागलें. १ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, तेव्हां तें त्यांत आलें. १९५० सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढून कुर्ला शहरांत सामील झालें. उपनगर जिल्हा मध्यंतरीं बृहन्मुंबईंत विलीन झाला होता. तो १ ऑक्टोबर १९९० रोजीं पुन्हा वेगळा झाला. आज त्याचे अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत.

म्हणून शोध करणाऱ्यानें ‘आजोबांचें नांव काय’ ह्याबरोबरच ‘ज्या सालाचा कागद हवा, त्या सालीं कुर्ला कोणाच्या अमलाखालीं होतें’ हेंही स्वतःस विचारावें. १९१० सालचा जमिनीचा कागद उपनगर जिल्ह्यांत तयार झालेला असणें शक्य नाहीं, कारण तो जिल्हाच तेव्हां नव्हता. त्याचा माग ठाणें जिल्ह्याच्या दप्तरांतून काढावा लागतो. एकोणिसाव्या शतकांतील सरकारी पत्रव्यवहार मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतींतील राज्य पुराभिलेखागारांत पाहावा. मराठ्यांच्या अमलाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. ते मोडी लिपींत असल्यामुळें जाणकाराची मदत घ्यावी. पोर्तुगीज अमलाचे कागद पणजीच्या व लिस्बनच्या दप्तरखान्यांत आहेत. तेथें एक सावधगिरी हवी. गोव्यांतही साष्टी नांवाचा तालुका आहे, व यादींत नुसतें ‘साष्टी’ दिसल्यास तें आपलें वसईकडील साष्टी बेट कीं गोव्यांतील तालुका, हें आधीं ठरवावें. शिवाय इतक्या जुन्या महसुली कागदांत गांवांचीं नांवें व त्यांचें उत्पन्न सांपडतें. घरांतील माणसें क्वचितच सांपडतात.

जमिनीच्या बाबतींत कुर्ल्याची गोष्ट आणखी निराळी आहे. १८०८ सालीं कुर्ला आणि मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे व पर्जापूर हीं गांवें मुंबईच्या कोटांतील एका जागेच्या बदल्यांत होरमसजी बमनजी वाडिया ह्यांस देण्यांत आलीं, व १८४१ सालीं तीं अर्देशीर होरमसजी ह्यांच्या पूर्ण मालकीचीं झालीं. अशा इस्टेटींची जमीनमहसुलाची माफी १९५१ च्या कायद्यानें रद्द झाली. तेव्हां त्या काळच्या सरकारी महसुली कागदांत आपल्या पणजोबांचें नांव आढळलें नाहीं, तर ते येथें राहत नव्हते असें अनुमान काढूं नये. कुळाचा संबंध जमीनदाराशीं होता. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा आहे. त्यापुढील काळासाठीं तालुक्याच्या कचेरींत सातबारा व त्याहून महत्त्वाचा असा फेरफार मागावा. कारण एका नांवावरून दुसरें नांव कां व केव्हां लागलें, हें फेरफारांत लिहिलेलें असतें. गांवठाणांतील घरासाठीं नगर भूमापन कचेरीची मिळकत पत्रिका पाहावी.

आतां देवळाच्या वह्यांकडे वळूं. लग्नाची वही प्रत्येक धर्मग्रामांत असावी, असें त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं ठरविलें, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या नोंदींचे नमुने घालून दिले. साष्टींतील बहुतेक जुनीं देवळें दीर्घकाळ गोव्याच्या आर्चबिशपांच्या सत्तेखालीं होतीं. १८८६ पासून तीं दमणच्या धर्मप्रांतांत गेलीं, व १९२८ सालीं मुंबईच्या धर्मप्रांतांत आलीं. त्यामुळें जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेंत आढळल्या तर बिचकूं नये. मांडणी ठराविक असल्यानें दहा नोंदी वाचल्या कीं अकरावी आपोआप उलगडते.

कुर्ल्याच्या वहींत नोंद न मिळाल्यास तीन मार्ग आहेत. पहिला, शेजारचीं देवळें. लग्न बहुधा वधूच्या गांवीं लागत असे. म्हणून आजीचें माहेर विचारावें, आणि वांद्रें, कोलेकल्याण, मरोळ येथें चौकशी करावी. दुसरा, समासांतील टीपा. १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आलेल्या नियमानें ज्याचें लग्न होईल, त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर लग्नाची टीप लिहावी लागते. ह्या एका ओळीनें दोन गांवांतील दोन वह्या एकमेकींशीं जोडल्या जातात. तिसरा, नकला. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें ह्या नोंदींची प्रत दरवर्षीं बिशपांच्या कचेरीस पाठविण्याची आज्ञा केली. तसेंच १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वयें आमच्या धर्मगुरूंनीं लावलेल्या लग्नांचीं पत्रकें दर तीन महिन्यांनीं सरकारी निबंधकांकडे जात असत. मूळ वही वाळवीनें खाल्ली, तरी तिची नकल अन्यत्र असण्याचा संभव आहे.

इंग्लंडांत धर्मग्रामांनीं वह्या ठेवाव्या असा हुकूम १५३८ सालीं निघाला, आणि त्या जुन्या वह्या आज बहुतांशीं तेथील काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरखान्यांत ठेविलेल्या आहेत. आपल्याकडे वह्या देवळांत राहिल्या व सरकारी कागद कचेरींत राहिले. हीं दोन टोकें जोडण्याचें काम घराण्यांतील माणसासच करावें लागतें.

हें करतांना मोहांत पडूं नये. आपल्या पूर्वजांस पोर्तुगीज आडनांवें बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालीं. म्हणून एका आडनांवाचीं दोन घराणीं रक्ताच्या नात्याचीं असतीलच असें नाहीं. एकाच गांवांत एकाच नांवाचे दोघे आढळतात. अशा वेळीं आईबापांचीं व धर्मपित्याचीं नांवें जुळल्याशिवाय निर्णय करूं नये. ‘ईस्ट इंडियन’ हें नांव आपल्या समाजानें १८८७ सालीं धारण केलें. त्याआधींच्या कागदांत तें शोधणें व्यर्थ आहे. कबरीच्या दगडावरही फार विसंबूं नये, कारण जागेच्या टंचाईमुळें मुंबईंत कबरी पुन्हा वापराव्या लागतात.

शेवटीं एक विनंति. ज्या कागदांस वाळवी लागते ते पुन्हा मिळण्याची थोडी तरी आशा असते. परंतु म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणांत जें आहे, त्याची नकल कोठेंही नाहीं. आजोबांस गांवांत कोणत्या नांवानें हांक मारीत, आजी कोणत्या गांवची, घर कोणत्या आळींत होतें, हें आजच त्यांस विचारा व तारखेसह लिहून ठेवा. तो कागद घेऊन देवळांत या. आपण दोघे मिळून वही उघडूं. ह्या वेळीं मी सूची नांवानेंही पाहीन, आडनांवानेंही पाहीन, आणि तरीही कांहीं आढळलें नाहीं, तर पानामागून पान उलटीन. जे गृहस्थ माझ्या दारावरून रिकाम्या हातानें परत गेले, त्यांचें एवढें ऋण मजवर आहे.

आपला पाळक