बटणाचं नाव
2009 साली पुण्यात टेस्टर म्हणून लागले, तेव्हा एकच लॉगिनचं पान दिवसातून चाळीसदा हाताने तपासायचं आणि एक्सेलमध्ये ‘पास’ लिहायचं, हेच माझं काम होतं. मग ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन हाती आलं. शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने 2004 मध्ये ते घडवलं, तेही कामाचे तास आणि खर्च नोंदवण्याच्या कंपनीतल्या एका प्रणालीसाठी. पुढे 2017 मध्ये गूगलचं पपेटियर आलं, 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट.

आता मी या साधनांची माहितीपत्रकं लिहिते. पूर्वी ‘उजवीकडचं निळं बटण दाबा’ एवढं पुरायचं, कारण वाचणारा माणूस होता; आता एआय एजंटही वाचतात. 2025 मध्ये प्लेराइटने एआय एजंटांसाठी जो सर्व्हर आणला, तो एरवी पानाचं चित्र पाठवतच नाही. तो पाठवतो मजकुराची यादी: हे बटण, त्याचं नाव ‘जमा करा’, त्याचा क्रमांक अमुक. ही नावं मुळात अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी असतात. अशा नावांसाठीचं एरिया (ARIA) हे वेब मानक 2014 मध्येच पक्कं झालं, तरी कितीतरी बटणं निनावीच राहिली. मला याचं फार वाईट वाटतं. नावं तेव्हाच द्यायला हवी होती.

काल मी एका साधनाच्या वर्णनात एक ओळ वाढवली: ‘क्लिकनंतर पान बदललं तर जुने क्रमांक वापरू नका, यादी नव्याने मागवा.’