डार्करूम सांभाळणारी बाई

१९४३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एका छोट्या मुलीने वडिलांना विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? वडील म्हणजे संशोधक एडविन लँड. त्या प्रश्नातून पोलरॉइडचा झटपट कॅमेरा जन्मला. पुढे दोनच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९४४ला, आमच्या नाशिकमध्ये दादासाहेब फाळके गेले. या दोन घटनांचा तसा काही संबंध नाही. पण पोलरॉइडचा १९७२चा एसएक्स-७० कसा चालतो हे वाचताना मला फाळक्यांचं घरच आठवत राहिलं.

एसएक्स-७० घडी करून कोटाच्या खिशात घालता येतो. फिल्मच्या एका पॅकमध्ये दहा फोटो, आणि कॅमेऱ्याला लागणारी चपटी बॅटरीही त्यातच. बटण दाबलं की मोटर फोटोला दोन रोलरांमधून बाहेर ढकलते. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. दाबाने ती फुटते, रसायन सगळीकडे पसरतं, आणि काही मिनिटांत डोळ्यांदेखत चित्र उमटतं. थोडक्यात, डार्करूम त्या कागदातच भरलेली.

फाळक्यांनी १९१२मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवायचा. कोऱ्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा नसायची. ती अंधारात यंत्राने पाडावी लागत. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. फुटाला १६ फ्रेम, म्हणजे ५९ हजारांहून जास्त फ्रेम. प्रत्येकीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं या कामांत फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पुढे हा कारखाना नाशिकला आला आणि 'मोहिनी भस्मासुर' इथे तयार झाला.

लँडने जे काम पुडीवर आणि रोलरांवर सोपवलं, ते फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाईंच्या हातांनी होत होतं. कॅमेऱ्यांचा इतिहास सांगताना आपण लेन्स, किंमत, संशोधकाचं नाव सांगतो. अंधारात फिल्म कोणी धुतली, हे विचारत नाही. फाळक्यांच्या नावाने १९६९पासून राष्ट्रीय पुरस्कार आहे, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे. ते योग्यच आहे. पण तिथे सेल्फी काढाल, तेव्हा सोबतच्यांना सरस्वतीबाईंचं नावही सांगा.