वेठबिगारीचा खटला आणि अलाबामाचा एक जज

गेल्या वर्षी कामानिमित्त दोन आठवडे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीला होतो. रविवारी जुन्या गावात पायी भटकताना फेडरल कोर्टाच्या इमारतीवर नाव वाचलं: फ्रँक एम. जॉन्सन ज्युनियर. शेजारीच ग्रेहाउंडचा जुना बसस्टँड. १९६१ साली फ्रीडम रायडर्सना जमावाने झोडपलं ते इथेच. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही नावं शाळेपासून ओळखीची. हा जॉन्सन कोण, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. परतल्यावर महिनाभर त्याच्याविषयी मिळेल ते वाचत राहिलो.

जॉन्सनचा जन्म १९१८चा, अलाबामाच्या उत्तरेकडच्या विन्स्टन काउंटीतला. डोंगराळ मुलूख, गरीब शेतकरी, गुलाम बाळगणारे फार थोडे. १८६१ साली अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा या काउंटीच्या प्रतिनिधीने त्या ठरावावर सही करायला नकार दिला होता. जवळजवळ सगळं राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचं असताना विन्स्टन लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिलं. जॉन्सनचे वडील त्याच पक्षाचे. स्वतः जॉन्सन कायदा शिकून महायुद्धात गेला, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाला आणि परत येऊन जॅस्पर गावात वकिली करू लागला. १९५२ साली त्याने आयझेनहॉवरचा प्रचार केला. आयझेनहॉवर अध्यक्ष झाले आणि १९५३ साली जॉन्सन उत्तर अलाबामाचा यू.एस. अ‍ॅटर्नी, म्हणजे केंद्राचा सरकारी वकील झाला.

इथवरची गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. पक्षाचं काम केलं, पद मिळालं.

पण त्या पदावर बसून त्याने चालवलेला एक खटला मला महत्त्वाचा वाटतो. सम्टर काउंटीतले डायल बंधू हे गोरे जमीनदार. तुरुंगातल्या कृष्णवर्णीय माणसांचा दंड भरून त्यांना सोडवायचं आणि मग त्या कर्जापोटी शेतावर राबवायचं, अशी त्यांची रीत. पळून जाणाऱ्याला मारहाण. आपल्याकडे याला सरळ वेठबिगारी म्हणतात. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ सालीच घटनादुरुस्तीने संपली होती, तरी अलाबामात १९५४ साली हा खटला उभा राहिला. ज्युरीत सगळे गोरे. तरीही त्यांनी डायल बंधूंना दोषी ठरवलं. नीट मांडलेल्या पुराव्यापुढे असे ज्युरर कायद्याच्या बाजूने उभे राहू शकतात, हे जॉन्सनने तिथे पाहिलं.

१९५५च्या ऑक्टोबरात आयझेनहॉवरनी त्याला माँटगोमेरीचा फेडरल न्यायाधीश नेमलं. वय अवघं सदतीस. ७ नोव्हेंबरला शपथ झाली आणि १ डिसेंबरला त्याच शहरात रोझा पार्क्सना अटक झाली. कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ३१ जानेवारी १९५६ला सिनेटने जॉन्सनच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलं आणि दुसऱ्याच दिवशी वकील फ्रेड ग्रे यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वतीने बसमधल्या भेदभावाविरुद्ध दावा दाखल केला. हाच 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटला.

तो तीन न्यायाधीशांपुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वंशभेद घटनाबाह्य ठरवला होता, पण फक्त सरकारी शाळांपुरता. बसबद्दल १८९६च्या निकालाचं 'वेगळं पण समान' हेच तत्त्व अजून वापरात होतं. शाळेचं तत्त्व बसला लावायचं का, एवढाच प्रश्न होता. जॉन्सन आणि रिव्ह्ज यांनी लावलं, लिन यांनी विरोधी मत नोंदवलं. निकाल दोन विरुद्ध एक. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला.

पुढे १९६५ साली सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी देणारा आदेश जॉन्सनचाच. तो ज्याच्या विरोधाला न जुमानता दिला तो गव्हर्नर जॉर्ज वॉलेस म्हणजे लॉ कॉलेजातला जुना मित्र. मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला क्लॅनच्या माणसांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात खुनाची शिक्षा झाली नाही. डिसेंबरात नागरी हक्कांविरुद्ध कट केल्याचा फेडरल खटला जॉन्सनपुढे चालला. एकमत होत नाही, असं ज्युरीने कळवलं; त्याने त्यांना पुन्हा विचार करायला पाठवलं. तिघेही दोषी ठरले, प्रत्येकी दहा वर्षं. ज्युरी पुन्हा गोरीच होती. अकरा वर्षांपूर्वी तो जिथे उभा होता, तिथे आता जॉन डोअर होते.

किंमत घरच्यांनीही मोजली. अंगणात क्रॉस जाळला गेला. १९६७ साली त्याच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, ती बचावली. तिचं नाव अलाबामा होतं.

न्यायाधीश कोण नेमतो, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. जॉन्सनची नेमणूक तर उघड राजकीय होती. पण फेडरल न्यायाधीशाचं पद तहहयात. त्याला काढायचं तर महाभियोगच हवा. अलाबामातल्या राज्य कोर्टांच्या जजना निवडणुकीत मतं मागावी लागत. जॉन्सनला ना मतं मागायची होती, ना पुढच्या नेमणुकीसाठी कुणाचं तोंड बघायचं होतं.

एवढ्यानेच भागतं असंही नाही. लिन यांचं पदही तहहयातच होतं. संरक्षण दोघांनाही सारखंच होतं. फरक त्याआधीच्या आयुष्यात असणार. म्हणून एखाद्या सरकारी वकिलाला न्यायाधीश नेमताना त्याने किती खटले जिंकले, यापेक्षा कोणते खटले हाती घेतले हे मी आधी पाहीन. डायल बंधूंचं प्रकरण जॉन्सनला बाजूला ठेवता आलं असतं. त्या वर्षी, त्या राज्यात, कुणी त्याला जाबही विचारला नसता.