खिळे, पत्ता आणि एकटा संपादक

१८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते. मासिकाचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. मराठी भाषेची स्थिती, इतिहास, डॉ. जॉन्सनचं चरित्र, लोकहितवादींवर सडकून टीका. डोक्यात जे घोळत असेल ते अंकात. संपादक मंडळ नाही, कुणाची परवानगी नाही. पुढे सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी आर्यभूषण छापखानाही उभा केला, म्हणजे छपाईसाठीही दुसऱ्याच्या दारात जायला नको.

याच परंपरेतला पुढचा गडी रघुनाथ धोंडो कर्वे. पुण्यात शिकलेले, मुंबईत विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडलेले. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ इतका काळ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळपास एकहाती चालवलं. खटले झाले, दंड झाले, पदराला खार लागला, पण अंक निघत राहिला. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि पुढच्याच महिन्याचा अंक शेवटचा ठरला.

हौशी माणसाच्या वेबसाइटची कुळकथा सांगताना बहुतेक जण थेट स्वित्झर्लंडला जातात. जायला हरकत नाही, कारण तंत्र तिथलंच. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत वेब घडवलं, ६ ऑगस्ट १९९१ ला त्याची जाहीर ओळख करून दिली आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते सर्वांना मोफत वापरायला मोकळं केलं. पण मराठीत एकट्याने पदरमोड करून काहीतरी नेमाने छापत राहण्याची खोड त्याआधी शंभरेक वर्षांची आहे. वेबने तिला नवा छापखाना दिला. अडचण एवढीच झाली की छापखाना आला, पण अक्षरांचे खिळे आले नाहीत.

गंमत म्हणजे त्या काळात मराठी अक्षरांचं संगणकी कोठार पुण्यातच होतं. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. १९९१ चा ‘परम ८०००’ महासंगणक ही तिची गाजलेली ओळख. पण घराघरांशी जास्त संबंध आला तो तिथल्या ‘जिस्ट’ या शाखेचा. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये विकसित केलेलं हे तंत्र सी-डॅकने पुढे नेलं आणि साध्या संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटू लागल्या. ‘श्री-लिपी’ बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनीही पुण्याचीच. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत अनेकांची जुळणी याच दोन घरांच्या अक्षरांत होत होती. कागदावर मराठी झोकात होती. पडद्यावरून दुसऱ्याच्या पडद्यावर पाठवायची म्हटलं की तिचे हाल सुरू व्हायचे.

आधी इंटरनेट घरात यायला हवं होतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह महानगरांत ते सामान्यांसाठी खुलं केलं. वेग ९.६ केबीपीएस आणि व्यक्तीला २५० तासांसाठी ५,००० रुपये. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं खातं होतं, पण त्यात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसत. चित्रांचं नाव नको. मोडेम किंचाळून जोडला गेला की घरचा फोन अडकून पडायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये निगमची मक्तेदारी संपली, खासगी कंपन्यांच्या तासांच्या सीड्या दुकानात मिळू लागल्या आणि सायबर कॅफेही फोफावले. ताशी पैसे मोजायचे, खिशात १.४४ एमबीची फ्लॉपी, तिच्यात घरी बसून लिहिलेलं एचटीएमएलचं पान. कॅफेतून ते चढवायचं आणि मित्राला पत्ता कळवायचा, असा कार्यक्रम.

पान चढवायची फुकटची जागा म्हणजे जिओसिटीज. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या कंपनीने पानांच्या पेठा पाडल्या होत्या. संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांची ‘अथेन्स’, सिनेमावाल्यांची ‘हॉलीवूड’ आणि प्रत्येकाला त्यात घरक्रमांक. पानावर काय असायचं ते त्या पिढीला आजही तोंडपाठ आहे: भडक पार्श्वभूमी, फावडं मारणारा पिवळा माणूस आणि ‘काम चालू आहे’ची पाटी, किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा, पाहुण्यांनी सही करायची वही. खाली आपला फोटो, आवडत्या दुव्यांची यादी आणि हे पान नेटस्केपमधून पाहावं अशी सूचना. सूचना देण्याची पुणेरी सवय इथे मुद्दाम आणावी लागली नाही. साऱ्या जगालाच ती होती.

ही पानं बहुतेक इंग्रजीत. मराठी लिहायचं तर रोमन लिपीत. त्यासाठी अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ पद्धत नव्वदच्या दशकात परदेशी मराठी मंडळींच्या अंगवळणी पडली होती. छोटा ‘एन’ म्हणजे न, मोठा ‘एन’ म्हणजे ण. छोटा ‘टी’ म्हणजे त, मोठा म्हणजे ट. ळ साठी मोठा ‘एल’. गाण्यांचे संग्रहच्या संग्रह या लिपीत टाइप झाले. अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं तेही हौसेपोटी, नोकरी सांभाळूनच.

देवनागरीच हवी असा हट्ट असेल तर तीन वाटा होत्या आणि तिन्ही खडतर. पहिली म्हणजे मजकुराचं चित्र करून तेच पानावर लावणं. दिसायला ठीक, पण एक वेलांटी चुकली तरी नवं चित्र करायचं. दुसरी वाट फाँटची. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे एक चलाखी होती. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या घरांत मराठी तुकडे बसवलेले असत: एका घरात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फाँट नसेल तर समोर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा काला. प्रत्येक फाँटची घरं निराळी, त्यामुळे एकात लिहिलेलं दुसऱ्यात चालत नसे. शोधयंत्राला तर काहीच उमगत नसे. म्हणून मराठी पानावर सगळ्यांत वर, नावाच्याही आधी, ओळ असायची ती फाँट उतरवून घ्या ही.

तिसरी वाट जास्त हुशारीची आणि म्हणूनच जास्त ठिसूळ होती. १९९७-९८ च्या सुमारास फाँट पानाबरोबरच धाडायची सोय झाली, पण नेटस्केपची एक आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी. म्हणजे एकाच पानासाठी दोन फाइली करा. त्यातही मायक्रोसॉफ्टची फाइल बनवताना तिला वेबसाइटचा पत्ता चिकटवावा लागे; त्याच पत्त्यावर ती चाले. फुकट जागा सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं की सगळी अक्षरं पुन्हा रोमन. हौशी माणसाच्या चिकाटीचा कस लागायचा तो इथे, लिहिण्यात नव्हे.

खरा उपाय कागदावर केव्हाच तयार होता. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. यात प्रत्येक अक्षराला स्वतःचं घर, कुणाचं उसनं नाही. पण पडद्यावर जोडाक्षरं जुळवून दाखवणारी यंत्रणा सामान्यांच्या संगणकात यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. तरी विंडोज एक्सपीवाल्यांची सुटका नव्हती. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, भाषांच्या खिडकीत गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकोनावर खूण करायची आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागायचा. ती सीडी घरात सापडणं हा वेगळाच विषय. लिनक्सवाल्यांसाठी २००४ मध्ये ‘लोहित’ फाँट खुल्या परवान्यावर आले. रेड हॅटने ते आणले, पण मुळात ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. टाइप करायला ‘बरहा’ होतं, नंतर ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ आलं आणि रोमन कळफलक बडवून देवनागरी काढणं सोपं झालं.

मराठीचे काही हट्ट तरीही उरलेच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा फरक हिंदीच्या अंगाने चालणाऱ्या कळफलकांना बराच काळ कळत नव्हता. ‘ॲसिड’मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं ते २००८ मध्ये. तोवर अ लिहून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवायचा, तो कधी जागेवर बसायचा तर कधी शेजारच्या अक्षरावर घसरायचा. ल आणि श यांची मराठी वळणं कोणती, याचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला निघाला.

खिळ्यांचा प्रश्न मिटतो न मिटतो तोच जमिनीचा उभा राहिला. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून जिओसिटीज घेतलं होतं. २६ ऑक्टोबर २००९ ला बंद करून टाकलं. फुकट जागेवरचे हौशी लोक वाड्यातल्या भाडेकरूंसारखे होते. मालकाने वाडा विकसकाला दिला की भिंतीवरच्या कोनाड्यासकट सगळं जाणार. स्वतःच्या नावाचा पत्ता घेणं तोवर भारतातही आवाक्यात आलं होतं. ‘डॉट इन’ची नोंद १९८९ पासूनची, पण तिची दारं सर्वांसाठी मोकळी झाली २००५ मध्ये. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये आलं, हौशी लोकांत ते फारसं रुजलं नाही.

स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर एका माणसाने काय करावं, याचं पुण्यातलं ठळक उदाहरण म्हणजे अरविंद गुप्ता. बरेलीचे, १९७५ चे आयआयटी कानपूरचे अभियंता, पुण्यात टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि ट्रकपेक्षा काडेपेटीच्या काड्यांत जास्त रमले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे कापायचे, त्यांत काड्या खोचायच्या, की त्रिकोण, चौकोन, घन असे हवे ते आकार उभे राहतात. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन कलंडतो; पूल त्रिकोणांचे का बांधतात ते पोराला बोटांनीच कळतं. २००३ पासून ते पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’.

त्यांच्या वेबसाइटचं नाव सरळ त्यांचंच, पुढे ‘टॉइज’. सजावट जवळजवळ शून्य, लांबच लांब याद्या. खेळणी करण्याच्या पायरीपायरीच्या चित्रकृती, अनेक भाषांतल्या फिती आणि उतरवून घ्यायला हजारो पुस्तकं. त्यांत मराठी बालपुस्तकांचा मोठा ढीग. सगळं फुकट, नावनोंदणीही नको. वेबसाइट सजवणाऱ्या व्यावसायिकाने पाहिलं तर कपाळाला हात लावेल. पण ग्रामीण शाळेतल्या मास्तरला सुस्त जोडणीवर हेच पान पटकन उघडतं, म्हणजे साधेपणा कुठे उपयोगी पडला ते उघड आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण ‘आठवणीतली गाणी’. अलका विभास यांची ही वेबसाइट २००३ पासूनची. गीतकार, संगीतकार, गायक, राग अशा कोणत्याही वाटेने गाणं गाठता येतं आणि शब्द देवनागरीत, नीट तपासलेले. जाहिराती नाहीत. सार्वजनिक संस्थेने करावं असं काम एका घरातून होतं, आणि मराठी वेबवर हा प्रकार अपवाद नव्हे.

मधल्या काळात ब्लॉग आले, मग फेसबुक, मग व्हॉट्सॲप. कित्येकांनी वेबसाइट ओस टाकली, कारण तिथे दाद लगेच मिळत नाही. ज्यांनी ठेवली त्यांची कामं मात्र वाढत गेली. वर्षाकाठी पत्त्याचं नूतनीकरण, कार्डाची मुदत संपली म्हणून फसलेला हप्ता, वर्डप्रेसच्या सुधारित आवृत्त्या. जुलै २०१८ पासून क्रोमने जुन्या पद्धतीच्या पत्त्यांपुढे ‘असुरक्षित’ असा शिक्का मारायला सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं न शिवलेल्या भाबड्या पानांवरही तो बसला. तो शिक्का टाळायला लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ते नव्वद दिवसांचं. आपोआप नवं होण्याची तजवीज केली नाही तर तिमाहीला पुन्हा तीच ओरड. मालक गेल्यावर तर पासवर्डही घरच्यांना ठाऊक नसतो आणि वर्षभरात पत्ता लिलावात निघतो. अरविंद गुप्तांनी आपली पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवरही चढवून ठेवली आहेत, ते शहाणपणाचं.

जिओसिटीज बुडण्याआधी अर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांनी हाती लागेल ते उतरवून घेतलं आणि २०१० मध्ये सहाशे जीबीहून मोठा साठा खुला केला. नव्वदच्या दशकातलं मराठी पान अशा साठ्यात सापडलं तर उघडल्यावर दिसतो तोच रोमन अक्षरांचा काला. मग पानाचा मूळ कोड उघडायचा, त्यात फाँटचं नाव शोधायचं, तो फाँट किंवा त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी आज्ञावली कुठे मिळते का पाहायचं. मिळाली तर मजकूर बराचसा नीट निघतो. रफार मात्र बहुधा एक अक्षर पुढेमागे सरकलेले असतात आणि ते हातानेच जागेवर आणावे लागतात.