विषाणूंची उत्क्रांती आणि भाषिक प्रतिमाने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
इतिहासलेखन साधनांवर उभे असते. सजीवांतील रेणू हेही उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज होत, असा विचार एमिल झुकरकांडल व लायनस पॉलिंग यांनी १९६५ साली मांडला. विषाणू मागे हाडे वा कवच ठेवत नाहीत. म्हणून त्यांच्या बाबतीत हे साधन विशेष मोलाचे ठरते. ते वाचण्याची पद्धत कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अक्षरांपासून व्याकरणापर्यंत :
१९६५ सालीच मार्गारेट डेहॉफ व सहकाऱ्यांनी ज्ञात प्रथिन-अनुक्रमांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अमिनो आम्लांच्या एकाक्षरी संकेतांचे श्रेयही डेहॉफ यांनाच दिले जाते. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने फाय-एक्स १७४ या जिवाणुभक्षी विषाणूचा सुमारे ५,३७५ अक्षरांचा जनुकीय अनुक्रम मांडला.

जानेवारी २०२१ मध्ये बॉनी बर्गर, ब्रायन ब्रायसन व सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात पुढचे पाऊल टाकले. वाक्यातील गाळलेला शब्द संदर्भावरून ओळखण्याची रीत त्यांनी इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही व करोना विषाणूंच्या प्रथिनांना लावली. प्रथिन कार्यक्षम राहणे म्हणजे व्याकरण सांभाळणे आणि प्रतिपिंडांना अनोळखी होणे म्हणजे अर्थ बदलणे, अशी ही मांडणी होती. दोन्ही साधणारा बदल रोगप्रतिकारशक्तीला चकवू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह याहून कितीतरी मोठे प्रतिमान तयार केले. ११ कोटींहून अधिक जनुक-अनुक्रमांवर व नंतर करोना विषाणूच्या १५ लाख जनुकसंचांवर ते घडवले गेले.

मर्यादा :
२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे बदल वाढल्याचे जाहीर केले. ही वाढ कळली ती प्रत्यक्ष नमुन्यांच्या तपासणीतून. ज्या प्रदेशातून नमुनेच येत नाहीत, तेथील विषाणूची बोली प्रतिमानास शिकता येत नाही. दप्तरात नोंद नसलेल्या समाजाचा इतिहास लिहिताना हीच अडचण येते.

दुसरा प्रश्न नैतिक आहे. २०२५ मध्ये फाय-एक्स १७४ च्याच धर्तीवर प्रतिमानाने रचलेल्या जनुकसंचांतून १६ कार्यक्षम जिवाणुभक्षी विषाणू प्रयोगशाळेत मिळाले. वाचणारे साधन लिहू लागले. या प्रतिमानाच्या प्रशिक्षणातून मानवास बाधक विषाणू वगळण्यात आले होते, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
प्रतिमाने संभाव्य बदलांची यादी देतात. कोणता बदल पसरेल, हे लोकसंख्या, लसीकरण व योगायोगही ठरवतात. म्हणून प्रतिमानांबरोबरच नमुने गोळा करणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेवरही खर्च होणे अगत्याचे आहे. साधनांविना इतिहास नाही आणि भाकीतही नाही.