चहाची कृती आणि पाण्याचा गुण

चहा कसा करावा हा प्रश्न स्वयंपाकघरांतला खरा; परंतु वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाशींही त्याचा संबंध आहे. १९०३ सालच्या कायद्यानें निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला, आणि त्या पैशांतून चहाचा खप वाढविण्याचा प्रचार सुरू झाला. शहरांतील घरें हळूहळू या पेयास वश झालीं. १९३६ सालीं महात्मा गांधी वर्ध्यानजीकच्या शेगांवीं राहावयास गेले. विदर्भांतील दुसऱ्या शेगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें.

पुढें १९४२ सालीं पुण्यास आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां गांधीजींनीं आरोग्यावर प्रकरणें लिहिलीं. चामडें कमावण्यास उपयोगी पडणारें टॅनिन उकळलेल्या चहांतून पोटांत जातें, असा त्यांचा आक्षेप होता. गाळणींतील पत्तीवर उकळतें पाणी ओतावें व गवती रंग येतांच थांबावें, ही कृती त्यांनीं निर्दोष मानली.

आतां त्या कृतीकडे फ्लोराइडच्या दृष्टीनें पाहूं. चहाचें झाड आम्ल जमिनींतून फ्लोराइड शोषून पानांत सांठवितें. जून पानांत तें अधिक असतें. पत्ती भिजतांच तें झपाट्यानें पाण्यांत उतरतें, आणि वेळ वाढेल तसा आणखी कांहीं अंश निघतो. म्हणून थोडी पत्ती व अल्प वेळ यांनीं तें कमी होईल, पण पूर्णपणें टळणार नाहीं.

खरी मेख पाण्यांत आहे. पाण्यांतील फ्लोराइडमुळें दांत डागाळतात व सांधे आंखडतात, हें १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोरकडच्या संशोधनानें हिंदुस्थानांत प्रथम उजेडांत आलें. वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं विहिरी व कूपनलिकांतही हा दोष आढळला आहे. उकळल्यानें जंतु मरतात. फ्लोराइड मात्र उडून जात नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरें पाणी नसेल तेथें १.५ पर्यंत चालतें. १.५ मिलिग्रॅमचें पाणी आटवून निम्में केलें, तर लिटरमागें ३ मिलिग्रॅम होतात, आणि पत्तींतलें फ्लोराइड त्यांत वेगळें मिळतें.

म्हणून कडक चहा पिणाऱ्या गृहस्थानें प्रथम आपल्या विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. पातेलें चुलीवर किती वेळ ठेवावें, हा प्रश्न त्यानंतरचा.